सात नंबरची दांडी

सात नंबरच्या लाइनीत करंट परत आला, कुणाला साधा चटकाही बसला नाही, आणि बायको जावयाला पुन्हा 'अरे' म्हणू लागली. गोष्ट संपली. पण हे आपल्या कानावर आलेलंच नाही असं धरून चालू. तूर्त सात नंबर गार पडली आहे, तिच्यावर मिस्त्रींचं कुलूप आहे आणि मिस्त्री चहा प्यायला गेले आहेत.

जावयाला नाव होतं. पगाराच्या पावतीवर ते छापून यायचं आणि तेवढ्यापुरतंच वापरलं जायचं. एरवी यार्डातल्या रखवालदारापासून साहेबांपर्यंत सगळे त्याला जावईच म्हणत, कारण करंटच्या पटरीची टोळी ज्यांच्या हाताखाली होती ते मिस्त्री त्याचे सासरे होते. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. इथे उरलेले नऊही सासऱ्यांच्या मुठीत होते.

या यार्डात गाड्यांसाठी वर तार नव्हती. रुळांच्या बाजूला, चिनी मातीच्या ठोकळ्यांवर, पाटाच्या उंचीची एक तिसरी पटरी बसवलेली असायची. गाडीच्या कुशीतून लोखंडी बूट बाहेर डोकवायचा आणि त्या पटरीला घासत घासत करंट ओढायचा. साडेसातशे व्होल्ट. दिसायला पटरी इतकी गरीब की नवख्याला वाटावं, कुणीतरी जास्तीचा रूळ आणला आणि इथेच विसरून गेला.

तिच्यावर काम करायचं तर आधी स्विच खाली. मग दिव्यांची पेटी लावून पटरी मेली आहे की नुसती झोपली आहे ते बघायचं. आणि मग दांडी. दांडी म्हणजे लाकडी मुठीची जाड तांब्याची पट्टी. एक टोक करंटच्या पटरीला, दुसरं गाडीच्या रुळाला, दोन्हीकडे शिकंजा घट्ट. आता कुणी चुकून, विसरून किंवा वैर साधायला स्विच वर केला, तरी करंट दांडीतून निघून जाणार, तिकडे ब्रेकर उडणार, आणि पटरीवर वाकलेला माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जाणार. शिकंज्याला कुलूप, ज्याने दांडी लावली त्याचं स्वतःचं. त्याला एकच किल्ली, आणि ती त्याच्याच गळ्यात. ज्याने लावली त्यानेच काढायची.

मिस्त्रींनी उभ्या जन्मात दांडी मारली नाही, फक्त लावली, हा टोळीतला जुना विनोद. तो इतका जुना झाला होता की त्यावर हसायचं कामही आता पाळीपाळीने होई. जावयाला मात्र त्यांनी दांडीला कधी हात लावू दिला नाही.

"मुलगी दिली तेवढं पुरे," ते म्हणत. "दांडी नाही मिळायची."

जावयाशी ते कामावर फार अदबीने बोलत. टोळीत बाकी सगळ्यांना अरे-तुरे, आणि याला, "जावईबापूंनी जरा पान्याची उलटी बाजू ओळखावी," किंवा, "जावईबापू, गाढवपणा आवरता आला तर बघावं." सहा वर्षं तो हे ऐकत आला होता. घरी जाऊन बायकोला सांगावं, तर ती म्हणायची, "बाबा तुला मान देतात."

मिस्त्री कुठल्याही वस्तूला हात लावताना हाताची उलटी बाजू लावत. करंट धरतो तेव्हा मूठ आवळली जाते. सरळ हाताने धरलं तर सुटत नाही, उलट्या हाताने लावलं तर हात आपोआप बाजूला फेकला जातो. ही सवय त्यांनी घरीसुद्धा नेली होती. दुधाचं पातेलं, दाराची कडी, बाजारातला टोमॅटो, सगळं उलट्या हाताने. मुलीला ताप आला की तिच्या कपाळालाही उलटा हात. "बाबांनी मला आयुष्यात कधी सरळ हाताने कुरवाळलं नाही," ती सांगायची. "त्यांना वाटायचं, मी चिकटेन."

त्या दिवशी सात नंबरच्या टोकाशी एक चिनी ठोकळा तडकला होता. मिस्त्रींनी स्विच पाडला, पेटी लावली, दांडी लावली, कुलूप घातलं, ओढून पाहिलं. मग जावयाला म्हणाले, "मी चहा घेऊन येतो. तोवर जावईबापूंनी त्या ठोकळ्याकडे नुसतं बघावं. हात लावू नये. बघावं."

जावई बघत राहिला.

खोपटात गाड्या धुणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी थर्मासमधून चहा ओतून दिला. मिस्त्रींनी पेल्याला उलटा हात लावला आणि म्हणाले, "गार आहे." मग भिंतीला टेकले. मावशींना वाटलं, रुसले. त्या दुसरा चहा करायला उठल्या, स्टोव्ह पेटवला, पाणी ठेवलं, साखर नेहमीपेक्षा जास्त घातली. चहा चांगला झाला होता. नंतर तो कुणीच प्यायला नाही.

दवाखान्यातून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत चष्मा, घड्याळ आणि दोरीत ओवलेली किल्ली मिळाली. चष्मा जावयाने खिशात ठेवला. घड्याळ सासूबाईंनी घेतलं. किल्ली बायकोने तिथल्या तिथे गळ्यात घातली आणि ओढणीखाली सरकवली. त्या वेळी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणूस गेल्यावर घरातले जे हाताला लागेल ते धरून ठेवतात.

ठोकळा दुसऱ्या टोळीने बदलला. सगळी माणसं, हत्यारं, पाने लाइनीवरून बाहेर आले. राहिली ती दांडी.

साहेब तरुण होते. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. नियमावली त्यांनी पाठ केली होती, आणि पाठ केलेली गोष्ट वाया जाऊ नये असं त्यांना वाटे. त्यांनी जावयाला बोलावून खुर्ची दिली.

"तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत," ते म्हणाले. "किल्ली कुठे आहे?"

"बायकोकडे."

"मग मागून घ्या."

"बघतो," जावई म्हणाला. ज्याचं लग्न झालेलं आहे त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

घरी त्याने विषय काढला तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ढिगात मिस्त्रींचा एक शर्ट होता. तो तिने घडी घालून पुन्हा उलगडला, पुन्हा घातला.

"ती दांडी करते काय नेमकं?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं.

"म्हणजे आत्ता या क्षणी त्या पटरीला कुणी हात लावला तर?"

"काही होणार नाही."

"बाबांमुळे."

"दांडीमुळे."

"बाबांमुळे," ती म्हणाली. "मग असू दे. माणूस गेला म्हणून लगेच त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं का?"

"अगं, लाइन अडकून पडली आहे. तिच्यावर एक अख्खी गाडी उभी आहे."

"उभी राहू दे. तिला कुठे लग्नाला जायचंय?"

"साहेब विचारतात."

"त्यांना सांगा, अहो, ज्याने लावली त्यानेच काढायची. नियम तुमचाच आहे ना?"

इथे जावयाला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलं आहे. बायको एरवी त्याला अरे म्हणायची. रागावली की अहो. पहिल्या वर्षी एकदा तिने सलग आठवडाभर अहो म्हटलं होतं, तेव्हा त्याचं वजन उतरलं होतं.

साहेबांनी कुलूप तोडायचा विचार केला, पण घोडं तिथेही अडलं. नियमावलीप्रमाणे कुलूप तोडायचं तर किल्ली हरवलेली हवी. ही हरवलेली नव्हती. कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. किल्ली आहे, पण मिळत नाही, अशी सोय पुस्तकात कुणी करून ठेवली नव्हती. मग साहेबांनी पुढचं कलम उघडलं. तोडण्याआधी, कुलूप लावणारा कर्मचारी हद्दीत नाही याची खात्री करावी, आणि त्याच्याशी संपर्काचा प्रयत्न करावा.

"साहेब," जावई म्हणाला, "तुम्ही स्वतः हार घेऊन आला होतात."

"मला माहीत आहे हो. पण प्रयत्न केला असं मला म्हणता आलं पाहिजे. खोटं कसं बोलू?"

रखवालदाराने यार्डभर फिरून मिस्त्रींना शोधलं. खोपट पाहिलं, कोठार पाहिलं, गाड्यांच्या पोटाखाली वाकून पाहिलं. हाक मारायची तर पुरती मारावी म्हणून कर्ण्यावरूनही पुकारा झाला: "मिस्त्री, असाल तिथून ऑफिसात या. मिस्त्री, असाल तिथून या." आवाज शेडच्या पत्र्यांना आपटून परत आला. टोळीतल्या माणसांनी हातातले पाने खाली ठेवले आणि ते पत्र्यांकडे बघत राहिले. जावई संडासात गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

मग साहेबांनी मिस्त्रींच्या मोबाइलवर फोन लावला. तो घरी टेबलावर होता, मुलगी रोज चार्ज करून ठेवायची. तिने उचलला.

"मिस्त्री आहेत का?" साहेबांनी विचारलं. विचारल्यावर त्यांनाच कसंतरी झालं असावं, कारण पुढे ते म्हणाले, "म्हणजे, मला विचारावं लागतं."

"आहेत," ती म्हणाली. "सात नंबरवर." आणि फोन ठेवला.

साहेबांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. कुलूप काढण्यासाठी भरायचा छापील कागद त्यांनी तसाच ड्रॉवरमध्ये सारला. "राहू दे थोडे दिवस," ते जावयाला म्हणाले. "मलाही वडील आहेत."

असे थोडे दिवस गेले आणि नंतर जरा जास्त गेले.

सात नंबरवर उभी असलेली गाडी मावशींच्या वाट्याची होती. गाडी हलत नव्हती म्हणून मळत नव्हती, पण धुण्याचा दिवस आला की मावशी ती धूत. आधीच धुतलेली काच पुन्हा धुवायला लागणारी अक्कल कुणाकडे मागायची, असं त्या साबणाला विचारत. जगात तिच्याइतकी स्वच्छ आणि निरुपयोगी गाडी दुसरी नसेल. मावशी फडकी, पोछे करंटच्या पटरीवर वाळत घालायच्या. मिस्त्रींची दांडी आहे, मग काळजी कसली. शेडमधली माणसं लांबचा पूल सोडून सात नंबर ओलांडून ये-जा करू लागली. एकाने पटरीवर सायकल टेकवून ठेवली. "मिस्त्री बसलेत तिथे," तो म्हणायचा. पाहता पाहता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. मिस्त्री जिवंत असताना त्यांच्या आसपास इतका निवांतपणा कुणाला लाभला नव्हता.

जावईही दुपारचा डबा घेऊन तिथे जाऊ लागला. कोटाची घडी पटरीवर ठेवायची, तिच्यावर बसायचं, समोर कुलूप. पहिल्या दिवशी नुसतं जेवला. मग हळूहळू बोलायला लागला. सासूबाई रात्री नीट झोपत नाहीत. नवा मिस्त्री हत्यारं मोजून घेत नाही. तुमची मुलगी मला अहो म्हणते. मिस्त्री ऐकून घ्यायचे. जिवंतपणी त्यांनी ही सवय लावून घेतली नव्हती.

कधी तो हात पटरीवर सरळ ठेवायचा, पंजा पुरता पसरून. सहा वर्षांत त्याने या पटरीला असा हात लावला नव्हता. ती थंड होती. बूट घासत राहिले तरच पटरी चकाकते. घासणं थांबलं तसा तिच्यावर तांबूस गंज चढायला लागला. जावई जेवून झाल्यावर बाहीने तेवढा तुकडा पुसायचा. दुसऱ्या दिवशी गंज पुन्हा असायचा.

एकदा सकाळी घरी भांडण झालं. जावई एवढंच म्हणाला होता, "गंज चढतोय गं." बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला बाबांचं काही राहू द्यायचं नाहीये. चष्मा तुम्ही ठेवलात, कुठे ठेवलात ते आठवत नाही. आता हेही." चष्मा खरंच सापडत नव्हता. त्याने घरभर खिसे उलटे करून पाहिले होते. तो डबा घेऊन निघून आला.

दुपारी तो त्याच विचारात खाली मान घालून चालला होता. चष्मा दवाखान्यातच राहिला की रिक्षात, की ज्या शर्टाच्या खिशात ठेवला तो शर्टच कुणी धुवायला टाकला. नेहमी तो स्वच्छ गाडीच्या अलीकडून यायचा, त्या दिवशी पलीकडून आला. पटरीचं टोक दिसलं. कोटाची घडी घातली, पटरीवर ठेवली, पाठ वळवली आणि बसायला गुडघे वाकवले.

"जावईबापू," मावशींचा आवाज आला. अगदी नेहमीचा, चहा घेता का विचारल्यासारखा. "तुमचं कुलूप दिसत नाही कुठे."

जावई तसाच अर्धा वाकलेला राहिला, खुर्ची नसताना खुर्चीवर बसलेल्या माणसासारखा. त्याने मान वळवून पाहिलं. कुलूप नव्हतं. दांडी नव्हती. पटरीवर गंज नव्हता. ती लख्ख चकाकत होती.

"आठ नंबर आहे ती," मावशी म्हणाल्या. "सावकाश उभे राहा. मागे हात टेकू नका. आता पुढे या, माझ्याकडे."

तो पुढे आला आणि मावशींच्या बादलीजवळ बसून ओकला. मावशींनी त्याच्या पाठीवर ओला हात फिरवला.

"तुम्ही ओरडला का नाहीत?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"ओरडले असते तर दचकून बसला असतात," मावशी म्हणाल्या. मग बादलीत बघत म्हणाल्या, "मी पण परवा आठावर फडकं टाकायला निघाले होते. ओलं. हात लांब केला होता. कुणाला बोलले नाही, लाज वाटली. इतकी वर्षं मिस्त्रींच्या शिव्या खाऊन काय शिकले मी?"

आठ नंबरवरचा कोट संध्याकाळी स्विच पाडून काढला गेला. नव्या मिस्त्रीने तो जावयाला नेऊन दिला आणि एक अक्षरही बोलला नाही. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

जावई घरी आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. सासूबाई आत पडून होत्या. तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"आज मी मरणार होतो," तो म्हणाला.

"कशाने?"

"बसून."

तिने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पाहून तिने गॅस बंद केला. त्याने सगळं सांगितलं, डब्यापासून बादलीपर्यंत. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा हात गळ्यातल्या दोरीपाशी गेला.

"तू रोज बसायचास तिथे?"

"रोज."

"पटरीवर?"

"सात नंबरच्या. ती मेलेली आहे ना."

"आणि बाकीचे?"

"सायकली टेकवतात. मावशी फडकी वाळवतात. कुणी पुलावरून जात नाही आता. सगळे म्हणतात, मिस्त्री आहेत."

ती खाली फरशीवर बसली. तोही बसला. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" आणि ती म्हणाली, "काही नाही आई, भाजी निवडतोय." समोर भाजी नव्हती.

"मला वाटत होतं, बाबा राखण करतायत," ती हळू आवाजात म्हणाली.

"करतायत. पण एकाच लाइनीची. आणि माणसं सगळ्याच लाइनींवर फिरतात."

"बाबांनी तुला पटरीवर बसलेला पाहिला असता तर काय म्हणाले असते?"

जावयाने विचार केला. "म्हणाले असते, जावईबापूंना घरी खुर्ची नाही का?"

तिला हसू आलं, आणि ते मध्येच कुठेतरी फिरलं. ती बराच वेळ रडली. दवाखान्यात रडली नव्हती, नंतरही नाही. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. सरळ, अख्खा पंजा. ती चिकटून राहिली.

मग तिने दोरी डोक्यावरून काढली. किल्ली तिच्या अंगाने गरम झाली होती.

"तोडायचं नाही," ती म्हणाली. "उघडायचं. आणि तू उघडायचंस. मी बघणार."

"बाहेरच्या माणसांना लाइनीवर येऊ देत नाहीत."

"मी बाहेरची आहे का रे?"

साहेबांनी तिला एक केशरी जाकीट दिलं, गुडघ्यापर्यंत येणारं, आणि शेडच्या पायरीवर उभं राहायला सांगितलं. मावशी तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. टोळीने लाइन मोकळी केली. सायकलवाला आपली सायकल मान खाली घालून घेऊन गेला. फडकी निघाली. नव्या मिस्त्रीने एकेकाला हाक मारून बाहेर घेतलं, आणि मग सात नंबरवर जावई एकटा राहिला.

कुलूप सहज उघडलं. मिस्त्री त्याला तेल देत असणार. शिकंजे मात्र गंजाने धरले होते, त्यांना दोन-तीनदा जोर लावावा लागला. मग दांडी सुटली आणि तिचं वजन त्याच्या हातात आलं. इतकी वर्षं जी मिळावी म्हणून तो आतून जळत होता, ती पहिल्यांदा हातात आली, आणि तीही काढून टाकायला. ती त्याला वाटली होती त्यापेक्षा जड होती. ती छातीशी धरून तो लाइनीबाहेर आला आणि खांबावरच्या फोनवरून, करंट सोडणाऱ्या कंट्रोल रूमला फोन लावला.

"सात नंबर," तो म्हणाला. "दांडी काढली आहे."

"कुणी काढली?" पलीकडचा आवाज ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारत होता.

"जावयाने."

"लावली कुणी होती?"

"मिस्त्रींनी."

त्या आवाजालाही मिस्त्री माहीत होते. वर्षानुवर्षं दोघं या फोनवर एकमेकांशी तुसडेपणाने बोलत आले होते. पण प्रश्न विचारल्याशिवाय त्याला करंट सोडता येत नव्हता.

"लावणारा माणूस लाइनीच्या बाहेर आहे?"

जावयाने पायरीकडे पाहिलं. बायको जाकिटाच्या बाह्यांमध्ये हात दडवून उभी होती.

"हो," तो म्हणाला. "बाहेर आहे."

"नक्की?"

"नक्की."

"सोडतो," आवाज म्हणाला.

करंट आला तेव्हा पटरीला काहीच झालं नाही, तिला कधीच काही होत नाही. फक्त त्या स्वच्छ गाडीतले दिवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागले, आणि रिकाम्या बाकांवर पंखे फिरायला लागले.

"एवढंच?" बायकोने विचारलं.

"एवढंच."

"आता हात लावला तर?"

"आता नाही लावायचा."

ती थोडा वेळ पंख्यांकडे बघत राहिली. मग मावशींनी तिला हाताला धरून पुलावरून फाटकापर्यंत नेलं, लांबच्या वाटेने.

ऑफिसात साहेबांनी नियमावली उघडली आणि ड्रॉवरमधला कागद बाहेर काढला. हद्दीत शोध घेतला, खूण. संपर्काचा प्रयत्न केला, खूण. कुलूप किल्लीने उघडलं, खूण. मग त्यांनी पान उलटलं आणि थांबले. मागच्या बाजूला आणखी एक कलम होतं.

"हे राहू द्या," ते म्हणाले. "मी 'लागू नाही' लिहितो."

"काय आहे?"

साहेबांनी कागद त्याच्याकडे फिरवला. कुलूप काढल्याची आणि लाइनीत करंट सोडल्याची सूचना, कुलूप लावणाऱ्या कर्मचाऱ्यास, तो पुन्हा कामावर येण्यापूर्वी देण्यात यावी.

जावयाने ते दोनदा वाचलं. मिस्त्री कामावर येताहेत, हातात डबा, थेट सात नंबरकडे, आपली दांडी जिथे ठेवली तिथे आहे या भरवशावर. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

"लागू आहे," तो म्हणाला. "पेन द्या."

"अहो, पण पाठवणार कुठे?"

"ते नंतर बघू. आधी लिहू तरी."

साहेबांनी पेन दिलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले, त्याच्याकडे पाठ करून. जावयाने कोरा कागद घेतला, वर मिस्त्रींचं पूर्ण नाव लिहिलं, त्याखाली हुद्दा, आणि मग सावकाश, खाडाखोड न करता, पुढचं लिहिलं:

आपणास कळविण्यात येते की सात नंबरच्या लाइनीवर आपण लावलेली दांडी आपल्या मुलीच्या संमतीने व तिच्यासमोर काढण्यात आली असून लाइनीत आजपासून करंट चालू आहे. ती मेलेली समजू नये. आपले कुलूप, किल्ली व दांडी ऑफिसात सुरक्षित आहेत. तरी आपणास नम्र विनंती की पुन्हा कामावर रुजू होण्यापूर्वी आपण स्वतः ऑफिसात हजर राहून, ही सूचना वाचून, समजून घेतल्याबद्दल खाली सही करावी.